बाजूच्या सीटवरचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा बाजूच्या सीटवर बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाखाली. दुसरा ब्रेक अडीअडचणीला वापरायचा असतो. मास्तरांच्या मते मात्र शेजारी कोणीतरी गाडी शिकतो आहे हीच मुळात अडचण होती, त्यामुळे त्यांचा पाय त्या ब्रेकवरून उठतच नसे. पुढे सिग्नल लाल दिसला की दाब. हिरवा असला तरी तो कधीही लाल होईल म्हणून दाब. दोन्ही पेडल खालून एकाच दांडीला जोडलेली असतात. मास्तरांनी आपले पेडल दाबले की शिकणाऱ्याच्या पायाखालचे पेडल आपोआप खाली जाई आणि त्या बिचाऱ्याचा बूट हवेत राही. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला ही गंमत पुरती पाठ होती.

लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि वाईट वाटायचे सोडून त्यांना त्याचा अभिमानच होता. "माझ्या गाडीला आजवर एक ओरखडा नाही," ते सांगत. ते खरेही होते. ओरखडे सगळे शिकणाऱ्यांच्या मनावर पडत.

घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावर गाडी धावायला लागली की मास्तरांचा उजवा पाय गालिचा दाबायला लागे. गालिच्याचा तेवढा तुकडा घासून पांढरा पडला होता. बायकोने तिथे एक जाड ठिगळ लावले. जित्याची खोड दुसऱ्या कशाने जात नसते, निदान गालिचा तरी वाचावा.

ही बायको, जिला सगळे नुसते बाई म्हणत, स्कूलचे ऑफिस सांभाळायची. ऑफिस म्हणजे काचेच्या दाराची एक खोली, भिंतीवर रस्त्यांवरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर फोन आणि टॅब, आणि मागच्या कोपऱ्यात शिलाई मशीन. मशीनवर बाई गाड्यांची सीट-कव्हरे शिवत, आणि त्याचे पैसे त्यांचे स्वतःचे असत. बाकी फी घेणे, वेळा ठरवणे आणि मास्तरांच्या हाताखालून रडवेले होऊन परतणाऱ्यांना पाणी देणे, हीही कामे त्यांचीच. आणि ड्रायव्हिंग मास्तरांच्या या बायकोला गाडी चालवता येत नव्हती.

याबद्दल कोणी विचारले की मास्तरांची गोष्ट तयार असे. बाई तरुणपणी परीक्षेला बसल्या होत्या. त्या वेळी परीक्षक मागे बसायचा आणि शिकवणारा बाजूला. नियम एकच होता, बाजूच्या ब्रेकला पाय लागला की उमेदवार नापास. "सगळं छान चाललं होतं," मास्तर सांगत, "आणि आला की कुत्रा. मी नसतो तर गेलाच होता तो. ही नापास झाली, पण कुत्रा वाचला." मग ते स्वतःच हसत. बाई अशा वेळी मशीनवर वाकून दोरा दाताने तोडत असत. त्यानंतर त्या परीक्षेला बसल्या नाहीत. राहून गेले, असे मास्तर म्हणत.

तर अशा या घरात क्रिप्टो शिरले ते एका नर्समुळे. ही नर्स मास्तरांकडे गाडी शिकत होती. आपली वेळ यायची वाट बघत ती ऑफिसात बसायची आणि तिचा फोन टुणटुण वाजायचा. बाईंनी एकदा विचारले आणि तिने दाखवले. हा कॉइन, हा त्याचा भाव, आत्ता वर, आत्ता खाली.

"हातात काहीच मिळत नाही?" बाईंनी विचारले.

"नाही काकू. नोंद असते, आणि तिला भाव असतो. लोक घेतात तोवर भाव."

"म्हणजे लोकांनी घेणं थांबवलं तर?"

"तर गेले पैसे. म्हणून तर सांगते, गेले तरी जेवण थांबणार नाही एवढेच घालायचे. आणि कोणी फोन करून दुप्पट करून देतो म्हणाला तर फोन ठेवायचा, कितीही गोड बोलला तरी."

बाईंना ते आवडले. आवडले म्हणजे पैशांसाठी आवडले असे नाही. जन्मभर त्या दुसऱ्यांच्या वेळा बांधत आल्या होत्या, दुसऱ्यांच्या परीक्षांचे अर्ज भरत आल्या होत्या. इथे एक असे काहीतरी होते की जे टेबलाशी बसून, कोणाच्या मध्ये न येता, आपले आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता येईल. त्यांनी टॅबवर शिकाऊ खाते उघडले. त्यात पैसे खोटे आणि भाव खरे. कितीतरी आठवडे बाई खोट्या पैशांनी घेत होत्या, विकत होत्या, चुकत होत्या. मशीनवर एक कव्हर झाले की टॅबकडे बघायचे आणि पुन्हा मशीनवर वाकायचे.

मास्तरांना हे बघून पहिल्यांदा हसू आले, मग राग आला. खोट्या पैशांचा खेळ वयाने मोठी माणसे खेळतात का? "हे बाजार म्हणे बंदच होत नाहीत," ते म्हणाले. "रविवार नाही, सुट्टी नाही. ज्या दुकानाला शटरच नाही, त्या दुकानावर भरवसा कसा ठेवायचा?"

"तुमच्या रिकाम्या मैदानावर तुम्ही लोकांना गाडीने आठचा आकडा काढायला लावता, तेव्हा कुठे खरा रस्ता असतो?" बाई म्हणाल्या.

उत्तर सुचले नाही की मास्तर गाडी पुसायला जात. त्या दिवशी गाडी लख्ख झाली.

मग बाईंनी खरे खाते उघडले आणि सीट-कव्हरांचे थोडे पैसे घातले. त्या दिवशी मास्तरांना समोर बसवून त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "हे बघा. हा मी घेतलेला भाव. ही खाली मी एक रेघ ठरवली आहे. भाव तिथपर्यंत घसरला तर आपोआप विकलं जाईल, त्याला स्टॉप लॉस म्हणतात. तोवर कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

"आणि बुडाले तर?"

"बुडाले तर माझे मी बुडवीन. तुम्ही फक्त बाजूला बसा."

बाजूला बसणे ही एकच गोष्ट मास्तरांना आयुष्यभर करूनही आली नव्हती. त्यांना चैन पडेना. ज्या घरात शिकवायचे काम त्यांचे, त्या घरात कोणीतरी त्यांच्याशिवाय शिकत होते. असे कसे चालेल? म्हणून त्यांनीही खाते उघडायचे ठरवले. स्वतः शिकल्याशिवाय बाईंना शिकवणार कसे, हा त्यांचा प्रामाणिक विचार होता. प्रामाणिक होता हेच तर दुर्दैव.

खाते उघडणे म्हणजे एक ताप होता. अ‍ॅपला त्यांचा चेहरा बघायचा होता. गोलात तोंड आणा, असे ते म्हणाले. मास्तरांनी आणले. चष्मा काढा म्हणाले. काढला. मग पुढे काय लिहून आले ते त्यांना चष्म्याशिवाय दिसेना. त्यांनी चष्मा घातला तर अ‍ॅपने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. असे तीनचार वेळा झाल्यावर मास्तरांनी अ‍ॅपला जे काही ऐकवले ते लिहिण्यासारखे नाही. शेवटी बाई मशीनवरून उठल्या आणि शेजारी उभ्या राहून वाचायला लागल्या. "आता डोळे मिटा. उघडा. मान हळू वळवा. हळू म्हटलं मी. कपाळावरच्या आठ्या काढा, ते तुम्हाला दुसराच माणूस समजतंय."

सगळ्या जगाला मान कधी वळवायची ते सांगणाऱ्या माणसाला स्वतःची मान काही सांगितल्याप्रमाणे वळवता आली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना आधी चहा दिला आणि मग उभे केले, तेव्हा कुठे ते अ‍ॅपला पटले.

शिकाऊ खाते मास्तरांनी वगळूनच टाकले. वीसबावीस वर्षे रस्त्यावर काढलेल्याने मैदानात आठ काढायचा, छे. त्यांनी थेट खरे पैसे घालून कॉइन घेतले आणि भाव जरासा खाली आला तसे विकून टाकले. मग भाव वर गेला. मग त्यांनी चढ्या भावाने पुन्हा घेतले. पुन्हा जरा खाली, पुन्हा विकले. दर वेळी अ‍ॅप आपले कमिशन कापत होते. रेघ नुसती श्वास घेतल्यासारखी खालीवर होत होती आणि मास्तर प्रत्येक श्वासाला ब्रेक दाबत होते. बटण दाबताना त्यांचा उजवा पायही टेबलाखाली दाबला जाई, ते बाईंना मशीनवरून दिसत असे.

महिन्याभराने कॉइनचा भाव पहिल्या दिवशी होता तिथेच परत आला. बाईंचे पैसे जवळपास होते तेवढेच होते. मास्तरांचे चांगले एक चतुर्थांश आटले होते.

"चोर आहेत सगळे," मास्तर म्हणाले. "भाव तोच, मग पैसे गेले कुठे?"

"कमिशनात."

"बाजारच खोटा आहे."

"बाजाराने काही नेलं नाही तुमचं. तुमच्या पायाने नेलं," बाई म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण त्या पुढे बोलल्या नाहीत, पण ती खोलीत सगळ्यांना ऐकू आली. नर्सने फोनमध्ये तोंड खुपसले. मास्तर गाडी पुसायला गेले.

आता इथवर ठीक होते. स्वतःचे पैसे स्वतःच्या हाताने घालवणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण पुढे जे झाले ते सांगताना माझेच डोके फिरते.

बाईंची अक्कलदाढ दुखायला लागली. या वयात अक्कलदाढ दुखावी आणि घरात ज्याला तिची खरी गरज त्याला ती आलेलीच नसावी, हाही एक अन्यायच. दुपारी दाढ काढायला म्हणून बाई एकट्याच दवाखान्यात गेल्या. टॅब ऑफिसातच राहिला. तो उघडायची खूण गाडीचा नंबर होता. त्या घरात सगळ्याच गोष्टींची खूण गाडीचा नंबर होता.

मास्तरांचा त्या तासाचा विद्यार्थी आला नाही. ते रिकामे बसले. आणि टॅब वाजला.

फक्त बघायचे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. बघितले तर सगळे लाल. भाव घसरत होता, आणि नेहमीसारखा सावकाश नाही, जिन्यावरून डबा घरंगळावा तसा. बाईंची ठरवलेली रेघ अजून बरीच खाली होती. तोवर हात लावायचा नाही, हे वाक्य मास्तरांना आठवले. चांगले शब्द न शब्द आठवले. पण बाई तिकडे तोंड उघडून खुर्चीत पडलेल्या. त्यांना फोन करून उपयोग नाही. त्या इथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या? मास्तरांना खात्री होती की त्या घाबरल्या असत्या. नंतर त्यांनी आभारच मानले असते.

त्यांचा पाय टेबलाखाली दाबला गेला आणि बोट टॅबवर. अ‍ॅपने विचारले, तुमची खात्री आहे का? मास्तरांना जन्मात कधी कशाची खात्री नव्हती असे झाले नव्हते. बाईंचे सगळे कॉइन विकले गेले.

आणि भाव त्यानंतरही घसरत राहिला. बाईंच्या रेघेच्याही खाली गेला. म्हणजे मास्तर बरोबर होते. काही केले नसते तर बाईंचे आणखी पैसे गेले असते, हे आकड्यांत दिसत होते. मास्तर उठले आणि त्या छोट्या खोलीत फेऱ्या घालायला लागले. महिनाभर जो माणूस चुकतच होता त्याला इतके बरोबर असणे सोसेना. त्यांना कोणालातरी सांगायचे होते.

बाई आल्या त्या गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. आज बोलू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मास्तरांना अशी श्रोती जन्मात मिळाली नव्हती. त्यांनी सांगायला सुरुवात केली. कसा टॅब वाजला, कसे लाल झाले, इतर कोणी असता तर कसा गोंधळला असता आणि आपण कसे थंड डोक्याने योग्य क्षणी दाबले. घरी सूप करून दिले, तेही सांगत सांगतच. "तुझी रेघ इथे होती. मी इथे विकलं. बघ किती वाचले. नुसतं बघ."

बाईंनी बघितले. टॅबकडे नाही, त्यांच्याकडे. मग टॅब घेतला, त्यावर काही वेळ बोटे चालवली आणि तो कपाटात ठेवला. उघडायची खूण बदलली होती. हे मास्तरांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, आणि कसे कळले ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

दुसरा दिवसही बाई गप्पच होत्या. तिसराही. सूज उतरली तरी बोलणे नाही. मास्तर जरा हवालदिल झाले. डॉक्टरने नको ती शीर तर तोडली नाही ना? ते दवाखान्यात फोन लावणार, इतक्यात काचेचे दार ढकलून नर्स आली आणि बाई तिला म्हणाल्या, "ये गं. दुपारची वेळ बदलून हवी होती ना तुला? बस, बघते."

शब्द न शब्द स्वच्छ.

मास्तर फोन हातात धरून उभे राहिले. "तुला बोलता येतंय?"

"येतंय की."

"कधीपासून?"

"पहिल्या रात्रीपासूनच."

नर्सला एकदम आठवले की गाडीत बसून वाट बघितली तरी चालते. ती बाहेर गेली. मास्तर खुर्चीत बसले. "तुझे पैसे वाचवले मी," ते म्हणाले. आवाज चढला होता. "वाचवले. आकडे दाखवू? माणूस एवढं करतो आणि घरात तोंड बघायला मिळतं ते असलं. मी चुकलो असतो तर गोष्ट वेगळी. मी बरोबर होतो."

"होतात," बाई म्हणाल्या. त्यांनी कव्हराची शिवण पूर्ण केली, मशीन थांबवले आणि खुर्ची वळवली. "तो कुत्रा निघून गेला होता."

"कुठला कुत्रा?"

"परीक्षेतला. मी त्याला तुमच्या आधी बघितलं होतं. माझा पाय ब्रेकवर होता. मी दाबणार होते, आणि पेडल खाली गेलं. माझ्या पायाखालून. मी दाबायच्या आधीच. कुत्रा पलीकडच्या फुटपाथवर पोचलासुद्धा होता आणि परीक्षक मागून म्हणाला, थांबा."

मास्तरांनी हातातला फोन टेबलावर ठेवला.

"मला वाटलं होतं विसरले मी ते. तुम्ही इतक्या वेळा हसत सांगितलंत की मलाही ते तसंच घडल्यासारखं वाटायला लागलं होतं. परवा दवाखान्यातून आले, टॅब उघडला, आणि तेच झालं. पाय ठेवायला गेले तर पेडल आधीच खाली." बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हते. असते तर मास्तरांना बरे झाले असते, पाणी द्यायला तरी उठता आले असते. "पैसे गेले असते. माझ्या रेघेवर गेले असते. मी ठरवली होती ती रेघ. किती जाऊ द्यायचे ते मी ठरवलं होतं. मला ते जाताना बघायचं होतं आणि मग पुढच्या वेळी रेघ कुठे ओढायची ते शिकायचं होतं. तुम्ही बरोबर होतात. तुम्ही बरोबर असता म्हणूनच मला काही शिकता येत नाही."

एवढे बोलून त्या पुन्हा मशीनकडे वळल्या. मास्तर गाडी पुसायला गेले नाहीत. गाडीत जाऊन बसले, आणि नर्सला गाडी शिकवताना त्यांनी ठरवून पाय सीटखाली घेतला. तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकला. कोपऱ्यावर एक सायकलवाला दिसला. लांब होता, पण दिसला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले.

समोरचे म्हणजे रस्त्याच्या पलीकडचे, ऑफिसच्या काचेतून सरळ दिसणारे. ते स्कूल चालवणारी तरुणी एके काळी मास्तरांकडेच शिकली होती. मास्तरांना आधी ते खरे वाटेना. मग रोज सकाळी त्यांची बायको त्यांच्या काचेसमोरून रस्ता ओलांडून परक्या गाडीत बसायला लागली, तेव्हा वाटले. गल्लीतल्या लोकांना तर आयतेच सापडले. "काय मास्तर, घरचं गिऱ्हाईक समोर?" किराणावाला म्हणाला. न्हावी काही म्हणाला नाही, आरशातून नुसता हसला, आणि वस्तरा गळ्याशी असल्यामुळे मास्तरांना काही बोलता आले नाही. घरचा गूळ सोडून मुंग्या बाहेर धावतात, असे ते बाईंना सुनावणार होते. पण बाई घरात त्यांच्याशी नीट बोलत होत्या, चहा देत होत्या, हिशेब विचारत होत्या. फक्त दोन गोष्टी त्यांनी मास्तरांच्या हातून काढून घेतल्या होत्या, टॅब आणि गाडी. भांडायला जागाच ठेवली नव्हती.

कॉइन त्यांनी काही दिवसांनी पुन्हा घेतले. नवी रेघ ओढली. कुठे ओढली ते सांगितले नाही, आणि मास्तरांनी विचारले नाही. न विचारणे त्यांना किती जड गेले ते गालिच्यावरच्या ठिगळाला माहीत.

एकदा समोरची ती तरुणी पेट्रोल पंपावर भेटली. मास्तरांनी इकडचेतिकडचे बोलून शेवटी विचारलेच. "कशी चालवते?"

"छान. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी माझ्या पायाकडे बघायच्या. आता नाही बघत."

"आणि तू ब्रेक?"

"दोनदा लावला असेन, सर. मी पाय मागेच घेऊन बसते. तुमच्याकडे शिकतानाच ठरवलं होतं." तिने हे अगदी आदराने सांगितले, आणि तेच वाईट होते.

परीक्षेच्या दिवशी येऊ नका, असे बाईंनी बजावले होते. मास्तर गेले. त्यांचाही एक विद्यार्थी त्या दिवशी होता हे खरे, पण तो सकाळीच नापास होऊन घरी गेला होता. मास्तर मैदानाच्या जाळीमागे, लोकांच्या घोळक्यात उभे राहिले. बाईंची गाडी आली. चढावर थांबायचे आणि मागे न घसरता पुन्हा निघायचे, हा सगळ्यांत अवघड भाग. गाडी चढावर थांबली आणि किंचित मागे आली. मास्तरांचा बूट जमिनीत रुतला. शेजारच्या माणसाने विचारले, "काका, पायात गोळा आला का?"

गाडी तेवढ्यात सावरली, वर गेली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. मास्तरांनी पाय उचलला. खाली मातीत टाच आणि चवडा स्वच्छ उमटले होते.

बराच वेळ गेला. मग बाई कागद हातात घेऊन फाटकातून बाहेर आल्या, इकडेतिकडे बघून सरळ जाळीपाशी आल्या. मास्तर तिथेच असणार हे त्यांना माहीत होते, त्यात नवल नाही. त्यांनी कागद दाखवला नाही. हात पुढे केला.

"किल्ली."

मास्तरांनी किल्ली दिली. पलीकडच्या बाजूने ते आपल्याच गाडीत बसले, नेहमीच्या सीटवर. तिथे पायाखाली त्यांचा ब्रेक होता, घासून चकाकणारा. त्यांचा पाय आपोआप त्यावर जाऊन बसला. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीचा केला आणि हातातला फोन त्यांच्या हातात दिला. "धरा जरा. रांगेत भाव बघत होते, उघडाच आहे." मग गाडी सुरू न करता त्या थांबल्या.

"पाय वर घ्या."

"काय?"

"मांडी घालून बसा. नाहीतर मी रिक्षाने जाते."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितले. परवाना कचेरीच्या दारात अर्धे शहर त्यांना ओळखणारे. मग त्यांनी बूट काढले, गुडघे कुरकुरत वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. पट्टा लावला. बाईंनी गाडी काढली. पहिल्याच वळणावर ती धक्का खाऊन बंद पडली आणि मागून हॉर्न वाजायला लागले. क्लच लवकर सोडलास, हे मास्तरांच्या ओठांवर आले. ते त्यांनी गिळले. बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली, हॉर्नवाल्याला आरशात बघितले आणि निघाल्या.

मोठ्या रस्त्यावर मांडीवरचा फोन वाजला. मास्तरांची नजर गेलीच. सगळे लाल होते, आणि खाली, अगदी जवळ, बाईंची नवी रेघ दिसत होती. बटण अंगठ्यापासून बोटभर अंतरावर होते. समोर एक बस थांबायच्या बेतात होती.

"काय वाजलं?" बाईंनी रस्त्यावरून नजर न काढता विचारले.

"तुझं ते. भाव." मास्तरांनी अंगठा मुठीत दाबला. "सांगू?"

"नको. घरी गेल्यावर बघते."

मास्तरांनी फोन पालथा केला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. बस थांबली. बाईंनी त्यांच्या वेळेला ब्रेक लावला, मास्तरांना हवा होता त्याहून बराच उशिरा, आणि गाडी बसच्या मागे व्यवस्थित उभी राहिली. दुमडलेल्या उजव्या पायाला एव्हाना मुंग्या आल्या होत्या. घर यायला अजून अवकाश होता. मास्तरांनी तो पाय तसाच राहू दिला.